मनूच्या खोलीतली ओल

४ जानेवारी, शनिवार
शोभाचा उजवा हात प्लास्टरमध्ये. मनगट. स्टुलावर चढून मनूच्या खोलीतल्या भिंतीचे पोपडे खरवडत होती, स्टूल कललं. मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. आवाज ऐकला आणि आधी चष्मा शोधत बसलो. हे ती आता आयुष्यभर सांगणार.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, महिना-दीड महिना हात हलवायचा नाही. शो. म्हणाली, "मग भिंत कोण करणार?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. शो.ने छताकडे.

खरंच आहे. लग्न झाल्यापासून या घरातला एकूण एक स्क्रू तिने पिळलाय. ब्लाऊज शिवायचं मशीन उघडून साफ करते त्याच हाताने पंखे, नळ, कड्या, बिजागऱ्या. मी रिटायर होईपर्यंत ऑफिसात फायली आणि घरी "झालं का?" एवढंच.

मनूला सातवा लागलाय. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून खोलीची ही घाई. मार्चमध्ये यायचीय.

५ जानेवारी
किचनचा नळ ठिबकतोय. शो. खुर्चीत, हात गळ्यात, राणीसारखी. "वॉशर बदला. सोप्पंय." तिचा हत्यारांचा डबा काढला. पान्हा कुठला ते तिने पायाच्या अंगठ्याने दाखवलं. नळाचं डोकं फिरवलं आणि कारंजं. थेट छताला.

"अहो, पाण्याचा वॉल बंद केला का आधी?"

कुठला वॉल? कुठे असतो? इतकी वर्षं या घरात अंघोळ करतोय, वॉल कुठेय माहीत नाही! मी भिजलेला, कुकरमध्ये घालायला धुतलेली डाळ वाहून गेलेली, आणि शो. प्लास्टरवर पिशवी धरून हसतेय. पडल्यापासून पहिल्यांदा हसली.

लक्षात ठेवायचं: नळाला हात लावण्याआधी पाणी बंद. घराचा मेन वॉल बाथरूमच्या दारावर, माळ्याखाली. त्याच्या बाजूला दोन छोटे, एक किचनचा, एक बाथरूमचा. उजवीकडे पिळला की बंद.

वॉशर बदलल्यावर नळ मात्र थांबला. टिपूस नाही. सारखा उठून बघून येतोय.

११ जाने., शनिवार
मनू आणि जावई संदेश आले, शिरगावहून. आईचा हात बघून मनूने डोळे पुसले, मग डब्यातले शेंगदाण्याचे लाडू संपवले. सगळं ठीक. मग आपल्या खोलीत गेली.

आत कुबट वास. बाथरूमकडच्या भिंतीवर खालून कमरेपर्यंत ओल, वर काळे ठिपके. पाच मिनिटांत खोकला. पंप घ्यावा लागला. लहानपणापासूनचा दमा, आता पोटात बाळ. तिच्या डॉक्टरांनी बजावलंय, ओलीच्या, बुरशीच्या खोलीत राहायचं नाही म्हणजे नाही. संदेश काही बोलला नाही, फक्त खिडकी उघडली. चांगला मुलगा आहे. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन. रोखठोक बाई, पण मनात काही नसतं. "शोभाताई, तुमचा हात असा, खोलीत ओल. आमच्याकडेच होऊ दे ना बाळंतपण. परकी आहे का ती आम्हाला?"

शो. म्हणाली, "बघू." मग डाव्या हाताने भात चिवडत बसली. जेवली नाही.

ठरवलं. भिंत मी करणार.

१३ जाने.
शो. विहारात महिला मंडळाच्या मिटिंगला गेली ती संधी साधली. स्टेशनजवळच्या दुकानातून ओलीवरचा रंग आणला. दुकानदार म्हणाला, "अंकल, दो हाथ मारो, सब बंद." पोपडे झाडले, दोन हात मारले. भिंत पांढरीशुभ्र. स्वतःवर खूश.

शो. आली. दारातूनच बघितलं. "पावडर लावलीत होय भिंतीला?"

"दुकानदार म्हणाला..."

"पाणी कुठून येतंय ते नको शोधायला? ओल झाकायची नसते हो."

चहा मीच केला. साखर विसरलो.

२० जाने.
रंग फुगला. टम्म पुरीसारखा. बोटाने दाबला तर आतून पाणी निघालं. शो. "बघा, सांगितलं होतं" असं अजिबात म्हणाली नाही. जेवताना एवढंच, "उद्या पुऱ्या करा. जमतात तुम्हाला."

२२ जाने.
प्लंबर येऊन गेला. भिंतीवर दोनदा थाप मारली. "पूरा बाथरूम तोडना पडेगा." कधी? पुढच्या महिन्यात बघू. किती दिवस? सांगता येत नाही. म्हणजे मार्चमध्ये मनू यायची आणि घरात सिमेंटची धूळ उडत असायची.

तो गेल्यावर दोघं त्या भिंतीसमोर खाटेवर बसलो. शो. विचार करत होती, म्हणजे नख कुरतडत होती. "पावसाळा जाऊन किती दिवस झाले. मग हे आभाळाचं पाणी नव्हे. नळाचंच. आपलं नाहीतर वरच्यांचं. तोडायचं नंतर. शोधायला तोडावं लागत नाही."

पहिल्यांदाच ती "आपण" म्हणाली. "आपण शोधू."

२३ जाने.
प्रयोग पहिला. शो.कडचं साडीचं पारदर्शक कव्हर कापून वहीच्या पानाएवढा तुकडा भिंतीवर चिकटवला, चारी बाजूंनी टेपने घट्ट. दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. थेंब खोलीच्या बाजूने धरले तर दोष खोलीतल्या हवेचा, खिडक्या उघडा म्हणजे झालं. भिंतीच्या बाजूने धरले तर पाणी भिंतीतून येतंय.

सारखा जाऊन बघतोय. शो. म्हणते, बघून बघून सुकवाल.

२५ जाने.
भिंतीच्या बाजूने. थेंबच थेंब.

शो. "वरच्यांचंच आहे!" म्हणाली आणि प्लास्टिकचा तुकडा पुरावा म्हणून घेऊन तरातरा जिना चढली. वर लता भाभी राहतात, सिंधी, आमच्याइतक्याच जुन्या. दारातच जुंपली. एकीचा हात प्लास्टरमध्ये, दुसरीचे कणकेत.

"मेरे यहाँ सब नया है शोभा! अपना देखो पहले!"

"माझ्या मुलीचं बाळंतपण आहे भाभी, मजाक नाही!"

दार आपटलं. मी मधल्या पायरीवर उभा, वर गेलो नाही, खाली आलो नाही.

२६ जाने., रविवार
सोसायटीचं झेंडावंदन. दोघी दोन टोकांना. राष्ट्रगीत झालं, जिलेबी वाटली. लता भाभी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, बोलणं मला, ऐकवणं शो.ला. "भाईसाब, झगडा क्यूँ? मेरे बाथरूम में रंग घोल के डालो. नीचे निकला तो मेरा, नहीं निकला तो इसका."

प्रयोग दुसरा. भाभींच्या मोरीचं तोंड कपड्याने बंद, लादीवर बोटभर पाणी, त्यात खायचा लाल रंग. दार ओढून संध्याकाळपर्यंत तसंच ठेवायचं. आमच्या भिंतीवर लाल उतरलं तर गळती वरची.

संध्याकाळ झाली. आमची भिंत ओली, पण लालाचा मागमूस नाही. लाल झाले ते भाभींच्या यजमानांचे पाय. दुपारी झोपेतून उठून सवयीने बाथरूममध्ये गेले. तसेच दुकानात गेले. गिऱ्हाईक विचारतंय, "सेठजी, मेहंदी लगवायी?"

मग शो.ने पदर नीट केला, वर गेली. मी खालून कान लावून. "भाभी, माझं चुकलं." पुढचं ऐकू आलं नाही, कारण दोघी एकदम बोलत होत्या.

रात्री जेवायला सिंधी कढी आणि भात, मोठ्ठं पातेलं. भाभींनी स्वतः आणून दिलं. भेंडी, शेवग्याच्या शेंगा. दोनदा घेतला.

२ फेब्रुवारी, रविवार
म्हणजे पाणी आपलंच. पण कुठलं?

ही कल्पना माझी! लिहून ठेवतो, कारण शो.ने मान्य केलंय. गच्चीवर आमची स्वतःची टाकी. पाणी सकाळीच येतं, नंतर टाकीत भर नाही. सकाळी टाकी भरली, घरातले सगळे नळ बंद केले. झाडूची काठी टाकीत उभी धरून पाण्याच्या उंचीवर खडूने खूण केली आणि घराला कुलूप लावून दोघं शिरगावला गेलो, दिवसभर. कोणी पाणी वापरणारच नाही, तरी टाकी उतरली तर चोर पाइपात.

विहीणबाईंचं घर बाराव्या मजल्यावर. लिफ्ट. खिडकीतून डोंगर. त्यांनी मनूसाठी खोली तयार केलीय, पिवळे पडदे, कोपऱ्यात छोटं कपाट. "बघा शोभाताई, काही कमी आहे का?" शो.ने सगळं बघितलं. कपाटाचा खण ओढून बघितला, पडद्याची शिवण बघितली. "छान आहे," म्हणाली. मनापासून म्हणाली, तेच जड गेलं.

मनू आम्हाला सोडायला खाली आली. गेटपाशी म्हणाली, "बाबा, खोली छान आहे इथे. पण मला तिकडे यायचंय. इथल्या आई रागावतील म्हणून बोलत नाही, पण तुम्ही काहीतरी करा ना."

रिक्षात शो. म्हणाली, "नाही जमलं तर राहू दे तिला तिथेच. जीव महत्त्वाचा. मी जाऊन येऊन करीन." घरी पोचल्यावर मी सरळ गच्चीवर गेलो. काठी बुडवली.

पाणी चार बोटं खाली!

घरातलं पाणी गळतंय म्हणून माणूस एवढा आनंदी होतो का? जिना उतरताना मोठ्याने ओरडलो, "शोभा, गळतंय! गळतंय!" तळमजल्यावरचे बाहेर आले.

३ फेब्रु.
तीच काठी. आज बाथरूमचा छोटा वॉल बंद, किचनचा चालू. दुपारी भाभींकडे जाऊन बसलो म्हणजे नळ उघडायचा मोह नको. संध्याकाळी पाणी खुणेवरच. हललं नाही. म्हणजे बाथरूमची लाइन. भिंतीच्या आतून जाणारा तो जुना लोखंडी पाइप, मनूच्या खोलीला पाठ लावून.

शो.: "ऑफिसात एवढं डोकं चालवलं असतं तर साहेब झाला असतात."

५ फेब्रु.
पेचकसाच्या मुठीने बाथरूमच्या लाद्या वाजवत गेलो. टक टक टक, मग एके ठिकाणी डब डब. पोकळ. शो.नेही कान लावला. तीच. डोळ्यांवर माझा जुना स्कूटरचा गॉगल. छिन्नी लादीच्या मधोमध, हातोडी हलकी. कडेला मारली की शेजारच्या तडकतात. (हे एक तडकल्यावर कळलं.)

लादी निघाली. मागे ओलं, काळं. कोपराला पाइप गंजून गेलेला आणि सुईच्या नेढ्याएवढ्या भोकातून पाण्याची केसासारखी धार. एवढीशी. शांतपणे चाललंय आपलं काम. दोघं गुडघ्यांवर बसून बघत राहिलो.

शो.ने पोकळीत बघत डाव्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली. जोरात. शाबासकी असावी.

८ फेब्रु., शनिवार
ठरलं असं: जुना पाइप दुरुस्त करत बसायचं नाही, एक भोक बुजवलं की दुसरं पडेल. तो वॉलपाशीच तोडून बंद करायचा आणि नवा प्लास्टिकचा पाइप भिंतीवरून उघडाच न्यायचा, क्लिपा मारून. दिसेल जरा वाईट. पण उद्या गळला तर दिसेल तरी.

उल्हासनगरला गेलो, कॅम्प चारच्या बाजारात. शो.ने कागदावर बाथरूमचं चित्र काढून दिलं होतं, किती लांब, कुठे वळण. दुकानात मी ते चित्र उलटं धरलं होतं. दुकानदाराने न बोलता सरळ केलं. गरम पाण्याला चालणारा पाइप, वळणाला एल्बो, टोप्या, क्लिपा, चिकटवायचं सोल्युशन. येताना रिक्षातून दोन्ही बाजूंना पाइप बाहेर. सिग्नलला एक पोरगी म्हणाली, "काका, धनुष्य कुठेय?"

९ फेब्रु., रविवार
आजचा दिवस सविस्तर लिहितो.

लोखंडी पाइप वॉलपाशी सोडवायला जुना सांधा निघेना. तेल सोडलं, चहा घेतला, पुन्हा. निघेना. मग लता भाभींचे यजमान खाली आले, (पाय अजून गुलाबी) दोघांनी मिळून पान्ह्याला जोर लावला. कर्रर्र करून सुटला. दोघंही भिंतीवर आपटलो.

नवा पाइप: आधी सगळं कोरडं जोडून बघायचं. कुठला तुकडा कुठे, पेनने खुणा. कापलेलं तोंड सरळ आणि आतून गुळगुळीत, बुरा राहता कामा नये. सोल्युशन दोन्हीकडे पातळ, मग घालून पाव फेरा फिरवायचं आणि मनातल्या मनात वीस म्हणेपर्यंत धरून ठेवायचं. सोडलं की बाहेर सरकतं. शो. माझ्या शेजारी स्टुलावर, मोठ्याने आकडे म्हणतेय. खिडकी उघडी, सोल्युशनचा वास डोक्यात जातो.

सगळं जोडलं. मागे सरकून बघितलं. शेवटचा एल्बो छताकडे तोंड करून.

शो.: "अंघोळ काय डोक्यावर उभं राहून करायची?"

मी खाली बसून हसलो. पोट दुखेपर्यंत. भाभींचे यजमान दाराला टेकून हसले. तो तुकडा कापला, नवा घातला. (एल्बो दोन जास्त आणायचे असतात हे शो.ला माहीत होतं. तिने आधीच लिहून दिलं होतं.) रात्रभर सुकू द्यायचं, पाणी सोडायचं नाही. अंघोळीला वर, भाभींकडे.

१० फेब्रु.
सकाळी वॉल उघडला. हळूहळू. शो. प्रत्येक सांध्यावर टिश्यू पेपर फिरवत गेली. कोरडा. कोरडा. कोरडा. शेवटचा, जो मी पुन्हा केला होता. कोरडा.

जुना पाइप टोपी लावून भिंतीतच ठेवला. शो. म्हणते, "झाला रिटायर. तुमच्यासारखा."
"मी तर कामाला लागलो."
"तेही खरं."

१२ फेब्रु., माघ पौर्णिमा
सकाळी विहारात वंदना. शो.ने नेहमीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटले होते.

घरी येऊन भिंत खरवडली. तोंडाला फडकं. सुटं प्लास्टर सगळं काढलं, विटा दिसेपर्यंत, ओलीच्या वर वीतभर अजून. विटांवर पांढरा खार आलेला, मिठासारखा. तो पाण्याने धुवायचा नाही, कोरड्या ब्रशने झाडायचा, धुतला की परत आत जातो. माझा तो खराब रंगही गेला. बरं झालं.

आता फक्त थांबायचं. खिडक्या उघड्या, पंखा भिंतीवर रोखलेला. भाभींनी त्यांचा टेबलफॅन आणून दिला, "ले जाओ, मुझे अभी ठंड लगती है."

१७ फेब्रु.
शो.चं प्लास्टर निघालं. मनगट काडीसारखं. मूठ वळत नाही, सुई धरवत नाही. डॉक्टर म्हणाले, मऊ बॉल दाबा. घरी येऊन मशीनवरची चादर काढली, बसली, पायडल मारलं नाही. मी बघतोय हे तिला कळलं, पण कळलं नाही असं दाखवलं.

२४ फेब्रु.
पुन्हा साडीचं कव्हर, पुन्हा टेप. परवा लावलं, आज काढलं. आत थेंब नाही. टेपच्या कडेलाही नाही. हाताचा पालथा पंजा भिंतीला लावला. उन्हात ठेवलेल्या विटेसारखी कोरडी.

मनूला फोन. तिने उचलताच फोन शो.कडे दिला. शो.नेही परत माझ्याकडे दिला. मनू तिकडून, "अरे कोणीतरी बोला!"

२ मार्च
गेला आठवडा प्लास्टर. विटांवर आधी पाणी शिंपडायचं, नाहीतर त्याच सगळा ओलावा ओढून घेतात. मग वाळू-सिमेंट, पातळ थर, तो घट्ट झाल्यावर दुसरा. माझ्या थापीतून निम्मं जमिनीवर. शो. म्हणाली, "चपातीसारखं दाबून सरकवा." तेव्हा जमलं.

आज पुट्टी. मी कालवत होतो, गुठळ्या. शो.ने उजवा हात पुढे केला. "द्या इकडे." मळायला बसली, कणकेसारखी. बोटं हळूहळू आत-बाहेर. तोंडावर दुखल्याचं दिसत होतं, पण सोडलं नाही. शेवटी मूठ वळली. पुट्टी बोटांच्या फटींतून बाहेर. माझ्याकडे बघून मूठ वर केली. निवडून आल्यासारखी!

पहिला हात तिने मारला, उजव्या हाताने.

७ मार्च
रंग झाला. रंगावरून दोन दिवस चर्चा. शो.ला आंब्याच्या कोवळ्या पानासारखा, मला पांढरा. आंब्याचं पान झालं. कमी वासाचा घेतला, तरी मनू यायच्या आधी खिडक्या आठवडाभर उघड्या. शो.ला भिंतीत एक जागा अजून उंचसखल वाटते. ती माझी आहे. तिथे कपाट ठेवू म्हणाली. मग म्हणाली, "नको, राहू दे. दिसू दे."

१६ मार्च, रविवार
मनू आली. बॅग, उशा, आणि विहीणबाई. त्या बघायला आल्या होत्या, लपवलं नाही त्यांनी. चप्पल काढून सरळ खोलीत गेल्या, भिंतीला हात लावला, वर-खाली, कोपऱ्यात वाकून वास घेतला. बाथरूममध्ये जाऊन उघडा पाइप बघितला. "हे कोणी केलं?"

शो. म्हणाली, "ह्यांनी."

इतक्या वर्षांत कुठल्या गोष्टीसाठी शो.ने असं नुसतं "ह्यांनी" म्हटलं नव्हतं. मी उगाच खिडकी बंद करून परत उघडली.

विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या बाथरूमचा एक नळ कधीपासून ठिबकतो. येऊन बघाल का?" मग मनूच्या डोक्यावर हात ठेवला. "राहा इथे. मी येत जाईन."

१७ मार्च
सकाळी उठून मनूच्या दाराशी उभा राहिलो. आत कान दिला. शो. आधीच तिथे उभी. दोघं ऐकत राहिलो. संथ श्वास. खोकला नाही. दम्याची शिट्टी नाही. दार जरा ढकललं तर मनू डोळे मिटूनच म्हणाली, "मी जिवंत आहे. जा तुम्ही दोघं, चहा ठेवा."

२२ मार्च
शिरगावला जाऊन विहीणबाईंचा नळ केला. आधी वॉल बंद केला. जेवणात पुरणपोळी. काल सोसायटीतल्या आणखी दोघांनी बोलावलं, एकाची कडी लागत नाही, एकाचा फ्लश थांबत नाही. शो. म्हणते, कार्डं छापा. तिची सुई सुरू झालीय, अजून टाके जरा तिरके. बाळाची पहिली झबली ती त्याच टाक्यांची शिवतेय. उसवू नको म्हटलं.

२८ मार्च, शुक्रवार
संदेशने पाळणा पाठवला, दोरीचा, टांगायचा. स्लॅबमध्ये हुक हवा. विहीणबाई आज इथेच आहेत. ड्रिल भाभींच्या यजमानांचं. शो.ने आधी पंख्याची वायर स्लॅबमधून कुठे जाते ते खुणेने दाखवलं, त्यापासून हातभर लांब भोक. साधा खिळा-हुक नाही, आत जाऊन फाकणारा बोल्ट, जेवढं घट्ट पिळाल तेवढा धरतो. डोळ्यांत धूळ, तोंडात धूळ. स्टूल शो.ने धरलं होतं, दोन्ही हातांनी.

पाळणा टांगला. बाळ घालण्याआधी तपासायचा कशाने? विहीणबाईंनी किचनमधून तांदळाची गोणी आणली, दहा किलोची. पाळण्यात ठेवली, झुलवली. ड्रिल घेऊन आलेल्या भाभींनी पुस्ती जोडली, "इसका नाम क्या रखोगे?" विहीणबाई गोणीला अंगाई म्हणायला लागल्या, त्यांचा गळा इतका चांगला असेल असं वाटलं नव्हतं. मनू भिंतीला टेकून हसतेय, पोट धरून.

मग हसायची थांबली. हात कमरेवर.

"काय गं?"

"काही नाही. गॅस असेल."

शो.ने घड्याळाकडे बघितलं. थोड्या वेळाने परत बघितलं. मनूने पुन्हा खालचा ओठ चावला. विहीणबाई उठून खाली गेल्या, रिक्षा थांबवून आल्या. मनूच्या डॉक्टरबाईंना फोन झाला, त्या म्हणाल्या, येऊ द्या, बघू, अजून आठवडा आहे तसा. शो. बॅग भरतेय, उजव्या हाताने, भराभर. मनू म्हणते, उगाच घाई करताय सगळे. मग म्हणते, आई गं.

मला दुसरं काही सुचत नाही म्हणून हे लिहितोय. शो. हाक मारतेय. पाळणा अजून हलतोय. आधी तांदूळ काढून ठेवतो.